लेडी इन सॅटिन : कीव न करता ऐका

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या 'लेडी इन सॅटिन' या अल्बमबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन-तीन ओळीतच ठरलेलं वाक्य येतं, की आवाज पार गेलेला, दारू आणि ड्रग्जनी शरीर पोखरलेलं, मरण जवळ आलेलं, आणि ऐकताना काळजाला घरं पडतात. हे सगळं खरंच आहे, कुणी खोटं लिहीत नाही. पण त्यानं होतं काय की माणूस अल्बम लावायच्या आधीच हळहळायला लागतो आणि गाणं ऐकायचं राहूनच जातं. मला मनापासून वाटतं की हा या बाईवर अन्याय आहे. तिनं त्यात जे केलंय ते लयीचं आणि शब्द टाकण्याचं पक्कं, मुरलेलं गाणं आहे आणि ते तसंच ऐकलं पाहिजे. बेळगावच्या माणसाला तर हे सांगायची गरजच पडू नये, का ते पुढं येईलच.

आधी अल्बमबद्दल. १९५८ चा फेब्रुवारी महिना, तारखा १९, २० आणि २१, न्यूयॉर्कमधला ३० व्या रस्त्यावरचा कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ. ही जागा म्हणजे पूर्वीचं चर्च, छत एकदम उंच, त्यामुळं आवाजाला आपोआप घुमारा मिळायचा, पुढच्याच वर्षी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम पण इथंच रेकॉर्ड झाला. बिली तेव्हा ४२ वर्षांची. अॅरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्यानं कुठं काय वाजवायचं ते लिहून देणारा, आणि कंडक्टर रे एलिस. त्याचा ऑर्केस्ट्राचा एक आधीचा अल्बम तिनं ऐकला होता आणि आपल्या आवाजामागं तसंच व्हायोलिनचं मऊ काहीतरी पाहिजे हे तिनंच ठरवलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण कंपनीनं बिचारीवर व्हायोलिनं लादली असा एक सूर असतो लोकांचा, तसं काही झालेलं नाही, तिची स्वतःची इच्छा होती ती.

तर मागं व्हायोलिनचा ताफा, हार्प, बायकांचा छोटासा कोरस, आणि त्यांच्यात बसलेले जॅझमधले एकेक तयार लोक. पियानोवर मॅल वॉल्ड्रन, बेसवर मिल्ट हिंटन, ड्रमवर ओसी जॉन्सन, ट्रम्पेटवर मेल डेव्हिस, ट्रॉम्बोनवाल्यांत अर्बी ग्रीन आणि जे. जे. जॉन्सन. १२ गाणी, जवळजवळ सगळी संथ, सगळी प्रेमात हरलेल्या किंवा हरायच्या वाटेवर असलेल्या माणसाची. पहिलंच गाणं 'आय अॅम अ फूल टु वाँट यू', जे लिहिणाऱ्यांत गायक फ्रँक सिनात्राचंही नाव आहे, आणि मी तर म्हणेन ज्याला एकच गाणं ऐकायला वेळ आहे त्यानं हेच ऐकावं.

आमच्या भागातल्या आज्ज्या नेसतात ते इरकली लुगडं बघा, अंग सुती आणि पदर रेशमी, आणि दोन्ही वेगळं असूनच ते लुगडं उठून दिसतं. इथं तसंच आहे. मागचं सगळं वाद्यकाम गुळगुळीत, चकचकीत, कुठं सुरकुती नाही, आणि त्याच्यावर हा घोगरा, खरखरीत, कडेला फाटलेला आवाज. दोन्ही गुळगुळीत असतं तर हॉटेलात जेवताना मागं लावतात तसलं म्युझिक झालं असतं, आणि दोन्ही खरखरीत असतं तर इतकं जवळ जाऊन ऐकवलं नसतं.

आता त्या आवाजाबद्दल थोडं सांगतो. बिलीचा आवाज कधीच मोठा नव्हता. तरुणपणीसुद्धा तिची रेंज सप्तकाच्या थोडीशी पुढंच जायची. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सनबरोबर तिनं जी रेकॉर्डिंग केली ती ऐका, आवाज हलका, खेळकर, जरासा नाकातला, एकदम ताजा. पण तेव्हाही तिची जादू आवाजाच्या ताकदीत नव्हतीच. ती चाल जशीच्या तशी गायचीच नाही, चालीचे चार-पाच स्वर घेऊन त्यातच आपलं नवीन काहीतरी करायची आणि शब्द तालाच्या थोडा मागं टाकायची. १९५८ मध्ये आवाजाचा ताजेपणा गेला, वरचे स्वर गेले, लांब धरलेला स्वर शेवटी थरथरायला लागला. पण जे तिचं खरं भांडवल होतं ते? ते जागच्या जागी आहे, उलट वाढलंय म्हणेन मी.

हे मी एकटाच म्हणत नाही, आमच्या आत्तीची साक्ष काढतो. आत्ती शहापुरात राहते, गल्लीतल्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं टाळ धरते, मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्याच भाषा, इंग्रजीचा संबंध नाही आणि जॅझ हा शब्द तर तिनं ऐकलेलाही नाही. बाहेर पाऊस लागून राहिलेला, लाइट गेलेली, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी तिला माझा हेडफोन लावून 'यू हॅव चेंज्ड' ऐकवलं. पहिल्यांदा कपाळाला आठ्या, म्हणाली, "रडालीय काय गा ही?" मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तिचा हात मांडीवर ठेका धरायला लागला, आणि मध्येच थांबला. "मागं पडालीय की गा, शब्द उशिरा टाकालीय." परत ठेका सुरू. मग एकदम, "न्हाई न्हाई, मुद्दाम करालीय बघ. आली, आली बघ जागेवर." आणि मान हलवली, जशी ती मंडळात कुणी अभंगाचा चरण झकास फिरवून आणला की हलवते तशी. गाणं संपेपर्यंत रडण्याबिडण्याचं नाव काढलं नाही तिनं, सगळं लक्ष ही बाई ठेका कुठं सोडते आणि कुठं धरते याच्यावर. हेडफोन काढून पहिला प्रश्न काय, "कुणाकडं शिकली ही?"

किती बरोबर प्रश्न! कुणाकडंच शिकली नाही, म्हणजे समोर बसून कुणी शिकवलं नाही. तिचं खरं नाव एलिनोरा फेगन, जन्म ७ एप्रिल १९१५ ला फिलाडेल्फियात, लहानपण बाल्टिमोरमध्ये, अतिशय हलाखीत. तिथं बेसी स्मिथ आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या रेकॉर्डी तिच्या कानावर पडल्या. पुढं ती सांगायची की मला बेसीचा मोठा आवाज पाहिजे होता आणि लुईचा भाव. बेसी म्हणजे ब्लूजची, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखातून आलेल्या गाण्याची, सम्राज्ञी, आणि आर्मस्ट्राँगनं गाण्याला तालाच्या आजूबाजूला मोकळं फिरायला शिकवलं, वाद्य वाजवतात तसं गळ्यानं वाजवायला शिकवलं. बिलीला बेसीसारखा मोठा आवाज कधी मिळाला नाही, पण स्वराला किंचित खाली दाबून, वाकवून, तिथंच दुखऱ्या जागेवर थांबवायचं हे ब्लूजचं अंग पुरेपूर आलं.

आपल्याकडं समेवर न येता समेच्या जरा नंतर येणं किंवा आधीच येणं, अतीत-अनागत म्हणतात ते, मैफलीत ऐकून माहीत असतं बऱ्याच जणांना. ते ज्या कानानं ऐकतो तोच कान इथं लावायचा. 'आय गेट अलाँग विदाउट यू व्हेरी वेल' घ्या. होगी कार्मायकलचं गाणं, मजकूर साधा, तुझ्याशिवाय माझं अगदी छान चाललंय, पण... आणि मग त्या 'पण'ची यादी. कुणीही गायलं तरी त्यात रडायला भरपूर वाव आहे. बिली रडत नाही. ती बोलल्यासारखं गाते, एकेक वाक्य नीट खाली ठेवते, मागं व्हायोलिन पुढं सरकून गेलेले असतात आणि ही अजून मागच्याच शब्दावर, आणि मग दोन शब्द पटकन घेऊन त्यांना गाठते. ऐकणाऱ्याला वाटतं ही अडखळली. अडखळलेला माणूस दर वेळी बरोबर जागेवर कसा येईल हो?

आता बेळगावचं. आपल्या गावापासून जवळच सुळेभावी, तिथं ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र कोमकळी जन्माला आले, म्हणजे आपले कुमार गंधर्व. (७ आणि ८ एप्रिल, दोघांचे वाढदिवस लागून, मी दर वर्षी हे दोन दिवस दोघांना ऐकत काढतो.) लहानपणी चमत्कार म्हणून गाजलेला मुलगा, मुंबईत देवधर मास्तरांकडं शिकला, आणि ऐन उमेदीत क्षय झाला, एक फुप्फुस कामातून गेलं. कोरड्या हवेसाठी देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणं बंद, आणि १९५३ मध्ये परत मैफलीत आले ते वेगळंच गाणं घेऊन. छोट्या छोट्या ताना, एकदम उसळून वर जाणं, मध्येच सोडून देणं, दोन जागांच्या मध्ये शांतता. आपल्यापैकी कुणी कुमारांचं निर्गुणी भजन ऐकताना म्हणतं का, अरेरे बिचाऱ्याला एकच फुप्फुस? आजार माहीत असतो सगळ्यांना, पण ऐकतो ते गाणंच. बेळगावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे ते काही दयेपोटी बांधलेलं नाही.

आणि गंगूबाई हनगल. जन्म धारवाडचा, संसार आणि गाणं हुबळीत. सुरुवातीच्या रेकॉर्डीत बारीक, उंच आवाज आहे त्यांचा, मग टॉन्सिलच्या दुखण्यात आणि उपचारात आवाज बदलला, जड झाला, इतका की रेडिओवर नुसतं ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. त्याच आवाजात त्या किराणा घराण्याच्या मोठ्या गायिका झाल्या. आमच्या भागात तो आवाज दुरून ऐकू आला तरी लोक रस्त्यात थांबतात. तर आपल्याला गेलेला, बदललेला आवाज ऐकायची सवय आहे, आपल्या मातीतच आहे ती. मग परदेशातल्या एका काळ्या बाईचा आवाज तुटला की तेवढंच का सांगत बसायचं?

फरक आहे, तो पण लिहितो. कुमारांना आजारानंतर जवळजवळ चाळीस वर्षं मिळाली, नवीन गायकी घडवायला, चुका करायला, परत बसवायला. बिलीला या अल्बमनंतर मिळाले १७ महिने. १७ जुलै १९५९ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलमध्ये ती गेली, वय ४४, आणि त्याआधी तिथल्या खाटेवरच पोलिसांनी तिला ड्रग्ज बाळगल्याबद्दल अटक केली होती. तिच्याशी तिचा देश नीट वागला नाही, हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. काळ्या लोकांना झाडाला टांगून मारायचे त्याच्यावरचं 'स्ट्रेंज फ्रूट' तिनं १९३९ मध्ये गायलं, ते रेकॉर्ड करायला हीच कोलंबिया कंपनी तयार झाली नव्हती, मग कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीनं केलं. १९४७ मध्ये ड्रग्जपायी तिला एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली, सुटून आल्यावर कार्नेगी हॉलमध्ये तिचा कार्यक्रम तुडुंब भरला, पण न्यूयॉर्कच्या क्लबात गाण्यासाठी लागणारं पोलिसांचं कार्ड तिला परत मिळालं नाही. म्हणजे मोठ्या हॉलमध्ये गा, पण जिथं दारू मिळते अशा क्लबमध्ये, जिथं जॅझवाला माणूस रोज रात्री गाऊन आपला हात तयार ठेवतो, तिथं बंदी. दहा-अकरा वर्षं त्या शहरात असं काढून मग या स्टुडिओत उभी राहिलेली बाई आहे ही. हे माहीत असावं, नक्की असावं, राग यावा ते वाचून. पण राग वेगळा आणि कीव वेगळी.

स्टुडिओत काय झालं त्याबद्दल खुद्द रे एलिसनं सांगून ठेवलंय. रेकॉर्डिंग झाल्यावर तो तिच्या गाण्यावर खूश नव्हता. काही आठवड्यांनी मिक्सिंगच्या वेळी परत ऐकलं तेव्हा त्याला जाणवलं की आपण त्या वेळी फक्त स्वर तपासत होतो, भाव ऐकतच नव्हतो. आणि त्यानंच सांगितलंय की 'आय अॅम अ फूल टु वाँट यू' परत वाजवून ऐकताना तिच्या डोळ्यात पाणी होतं. मला एलिसबद्दल इथं आदर वाटतो, इतक्या मोठ्या माणसानं हे असं सरळ सांगणं सोपं नाही. पण माझं त्याच्याही थोडं पुढचं म्हणणं आहे, की भाव आणि स्वर असे वेगळे काढताच येत नाहीत इथं. तिचा भाव कशातून येतोय? तर शब्द किती उशिरा टाकायचा, कुठला स्वर अर्धवट सोडायचा, कुठं श्वास ऐकू येऊ द्यायचा, याच्यातून. ही सगळी गाण्यातलीच कामं आहेत. माइल्स डेव्हिसला हे कळत होतं, त्यानं त्याच वर्षी एका मुलाखतीत सांगितलं की मला तिचं पूर्वीपेक्षा आत्ताचं गाणं जास्त आवडतं, ती आता जास्त परिपक्व झालीय. माइल्स काही कुणाची मनं राखायला बोलणारा माणूस नव्हता.

कुणी म्हणेल या अल्बममध्ये ब्लूज कुठंय, ही तर सगळी सिनेमा-नाटकातल्या चालीची गाणी. बरोबर, बारा बारांच्या चौकटीतला (एक बार म्हणजे बहुतेक चार मात्रांचा खंड), म्हणजे ट्वेल्व्ह बार ब्लूज यात एकही नाही. त्यासाठी तुम्ही 'फाइन अँड मेलो' बघा, तिनं स्वतः लिहिलेला ब्लूज, डिसेंबर १९५७ मध्ये सीबीएस टीव्हीवर 'द साउंड ऑफ जॅझ' कार्यक्रमात गायलेला, म्हणजे या अल्बमच्या जेमतेम अडीच महिने आधी. त्यात तिचा जुना सोबती लेस्टर यंग उठून सॅक्सोफोनवर एकच फेरी वाजवतो, थोडेसे स्वर, भरपूर जागा सोडून, आणि ती त्याच्याकडं बघत मान हलवत असते. तिला 'लेडी डे' हे नाव त्यानंच दिलेलं, तिनं त्याला 'प्रेझ', म्हणजे प्रेसिडेंट, केलं. तो १५ मार्च १९५९ ला गेला आणि चार महिन्यांनी ती. तो व्हिडिओ बघून मग लगेच 'लेडी इन सॅटिन' लावा, ब्लूज कुठंय ते विचारावं लागणार नाही, व्हायोलिनच्या मध्ये तोच वाकवलेला स्वर सापडतो.

सगळंच आवडतं असं नाही मला. कोरस नको तिथं येतो, 'फॉर हेवन्स सेक' मध्ये तर मला तो हात धरून बाजूला करावासा वाटतो. दोन-तीन ठिकाणी व्हायोलिन इतके गोड होतात की तिची ओळ संपायच्या आत ते साखर टाकून मोकळे. आणि सलग १२ गाणी एकाच संथ चालीत म्हणजे एका बैठकीत ऐकायला जड जातात, मी कधीच पूर्ण सलग ऐकत नाही. एका वेळी तीन-चार, रात्री, फोन बाजूला ठेवून. 'आय अॅम अ फूल', मग 'यू हॅव चेंज्ड', मग 'ग्लॅड टु बी अनहॅपी', एवढं पुरे पहिल्या दिवशी. इंग्रजी शब्द सगळे नाही कळले तर चालतं, आपण सीमाभागातली माणसं, एका कार्यक्रमात मराठी अभंग आणि कन्नड दासरपद दोन्ही ऐकून उठणारी, अर्धे शब्द कळले नाहीत म्हणून आपलं गाणं कधी अडलंय?

शेवटचं गाणं 'द एंड ऑफ अ लव्ह अफेअर' याबद्दल मात्र थोडं सविस्तर. हे गाणं तिला नीट पाठ नव्हतं. म्हणून ऑर्केस्ट्राचा भाग आधी रेकॉर्ड करून ठेवला आणि तिचा आवाज त्यावर नंतर चढवला, तो मोनो टेपवर, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नसलेल्या. त्यामुळं तेव्हाच्या स्टीरिओ एलपीवर हे गाणं नव्हतंच, मोनोवर १२ आणि स्टीरिओवर ११. १९९७ मध्ये सीडीवर नवीन आवृत्ती निघाली त्यात या गाण्याची तयारी चालू असतानाचं टेपिंगसुद्धा घातलंय, आणि माझ्या मते कीव करणाऱ्या प्रत्येकानं आधी ते ऐकावं. जवळजवळ पंचवीस वर्षं रेकॉर्डिंगचा अनुभव असलेली गायिका एका अनोळखी चालीशी झटतेय, ओळ घेऊन बघते, सोडते, परत घेते, शब्द कुठं टाकला तर बसेल ते शोधते. आत्तीला हा भाग अजून ऐकवायचाय. अल्बम शोधताना १९९७ ची किंवा त्यानंतरची आवृत्ती आहे का ते गाण्यांची यादी उघडून बघा, नुसती ११ गाणी दिसली तर ती सोडून पुढची शोधा.